रक्त नजरेनं मोजायचं की तराजूनं?

दर ११ एप्रिलला आमच्या अटलांटाकडच्या मराठी ग्रुपवर सकाळी सातच्या आत जोतीरावांचा फोटो येतो. पागोटं, उपरणं, खाली 'विनम्र अभिवादन' आणि हात जोडलेल्यांची रांग. यंदाही आला. दुपारी कुणीतरी एक बातमी टाकली, की आजपासून १७ तारखेपर्यंत अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह आहे आणि या देशात गरोदरपणात किंवा बाळंतपणात कृष्णवर्णीय बाई दगावण्याचं प्रमाण गोऱ्या बाईच्या तिपटीहून जास्त आहे. झालं. 'प्रत्येक गोष्टीत रेसिझम शोधायचाच का?' 'त्यांचं खाणंपिणं बघा एकदा.' 'आपणही गरीब देशातूनच आलो ना, आपल्या बायका नाही मरत अशा.' उलट बाजूनं इथेच वाढलेली दोनतीन मुलं तावातावानं लिहू लागली, की सगळी डॉक्टर मंडळी मनातून वंशद्वेष्टीच असतात. रात्री अॅडमिननं 'कृपया राजकीय विषय नकोत' असं सांगितलं आणि स्नेहभोजनाचे पैसे कुणी कुणी भरले नाहीत त्याची यादी टाकली.

ज्यांच्या फोटोला सकाळी हात जोडले त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक कुणाला अर्पण केलं होतं? गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला अटलांटाच्या मळ्यांतल्या माणसांचं दुःख आपल्या दुःखाशेजारी ठेवावंसं वाटलं, आणि अटलांटात बसलेल्या आपल्याला पलीकडच्या गल्लीतली बाई दिसत नाही. ग्रुपवर निदान 'कृष्णवर्णीय' तरी लिहितात. जेवणाच्या टेबलावर जो शब्द वापरतात तो इथे लिहिण्याजोगा नाही.

पण माझी तक्रार दोन्ही बाजूंबद्दल आहे. दोघेही भांडत होते ते डॉक्टरांची नियत साफ की काळी यावर. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. मनात किती विष आहे हे मोजायचं यंत्र कुणाकडे नाही, आणि असतं तरी त्यानं कुणाचं रक्त थांबलं नसतं. मोजता येण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत: कुणी सांगितलेलं दुखणं खरं धरलं जातं, किती मिनिटांत, कोणत्या विम्यावर, आणि निर्णय कुणाच्या हातात असतो? दरी तिथे पडते, बुजवायचीही तिथेच.

आधी आकडे, कारण ग्रुपवरच्या सर्वांत अभ्यासू गृहस्थांनी तिथेच बोट ठेवलं आणि त्यांचं बरंचसं बरोबर होतं. २००३पासून अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर 'मृत स्त्री गरोदर होती का' असा एक चौकोन आला. राज्यांनी तो एकदम नाही, २०१७पर्यंत हळूहळू स्वीकारला. त्यात इतक्या चुकीच्या खुणा झाल्या की पंच्याऐंशी ओलांडलेल्या आज्याही कागदोपत्री गरोदर ठरल्या. त्यामुळे मातामृत्यू झपाट्यानं वाढताहेत ही ओरड बऱ्याच अंशी मोजणीतल्या बदलाची होती, असं २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं. फक्त त्या चौकोनावर विसंबून न राहता मृत्यूच्या कारणातच गरोदरपणाचा उल्लेख असेल तेवढे मृत्यू धरले, तर दर वीस वर्षांत जवळजवळ हलला नाही. लाख जन्मांमागे दहाच्या आसपास राहिला. मान्य. पण त्याच अभ्यासात, त्याच बारीक गाळणीतून, कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर गोऱ्या स्त्रियांच्या तिपटीच्या आसपासच निघाला. पुराची पातळी मोजणारी पट्टी चुकली म्हणून घरातली एक खोली बुडालेली आणि दुसरी कोरडी, हे खोटं ठरत नाही. सरकारी आकडेवारीत २०२३ साली लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ५०.३ मृत्यू होते, गोऱ्यांमध्ये १४.५.

आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये १०.७. 'आपल्या बायका नाही मरत' हे वाक्य इथून येतं. ते खोटं नाही, अर्धवट आहे. आपण गरीब देशातून आलो, पण त्या गरीब देशातून इथे आलं कोण? ज्याच्या हातात पदवी, पासपोर्ट आणि कंपनीचा विमा होता तो. व्हिसाच्या चाळणीतून गाळून आलेल्या माणसांनी आपल्या तब्येतीचं श्रेय आपल्या वरणभाताला द्यावं, हे जरा जास्तच झालं. इलिनॉय राज्यातल्या १९८० ते १९९५च्या जन्मनोंदी घेऊन १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या आयांच्या बाळांची वजनं गोऱ्या आयांच्या बाळांच्या जवळ जाणारी होती; अमेरिकेतच पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांची वजनं खाली होती. दोष रक्तातला, जनुकांतला असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बायकांमध्ये तो जास्त दिसायला नको होता का? पुढे त्याच संशोधकांनी पुढची पिढी पाहिली. या स्थलांतरित बायकांच्या इथेच जन्मलेल्या लेकींना जेव्हा मुलं झाली, तेव्हा ती आघाडी ओसरलेली होती. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. पत्ता बदलतो.

रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा या गोष्टी कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जास्त आहेत, हे मात्र खरं आहे आणि ते झाकून या मातांसाठी लढणाऱ्या चळवळीचं भलं होत नाही. हृदयाचे स्नायू दुर्बळ होणं आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब ही या मृत्यूंमागची मोठी कारणं आहेत. मग आपली मंडळी म्हणतात, गरिबी आहे, अज्ञान आहे, शिकल्या की सुधारेल. सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं २००७ ते २०१६ या काळाचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीच्या मृत्यूचं प्रमाण पदवीधर गोऱ्या स्त्रीच्या ५.२ पट आहे. शाळासुद्धा पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रीच्या तुलनेतही ते १.६ पट भरतं. शिक्षणानं सगळं सुटतं हा आपल्या मध्यमवर्गाचा कुळाचार आहे. इथे तो देव पावत नाही. सेरेना विल्यम्सपेक्षा श्रीमंत, प्रसिद्ध आणि आपलं शरीर ओळखणारी बाई कुठून आणायची? २०१७ साली सिझेरियननंतर तिला धाप लागली. तिला आधी रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊन गेला होता, म्हणून तिनं स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं औषध मागितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे बाई बरळते आहे. तिनं हट्ट धरला तेव्हा कुठे स्कॅन झालं, आणि फुप्फुसात गुठळ्या निघाल्या.

माझी गोष्ट याच्या उलट आहे, म्हणूनच सांगते. धाकट्याच्या वेळी पाचव्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की उजेड सहन होईना. आई साताऱ्याहून आलेली. तिनं शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं असा सगळा सरंजाम मांडला होता. तिला वाटलं वारं लागलं. मी फोन केला, नर्सनं दोन प्रश्न विचारले आणि ताबडतोब निघा म्हणाली. दाब १६८/११० होता. १६०/११०च्या वर गेला तर तासाभरात औषध सुरू व्हायला हवं असा नियम आहे, तो माझ्या बाबतीत पाळला गेला. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून मॅग्नेशियम सुरू झालं, अंगाची आग आग झाली, दुसऱ्या दिवशी मी बाळाला पाजत होते. माझ्या ऑफिसातली माझ्याच हुद्द्यावरची एक कृष्णवर्णीय मैत्रीण हे ऐकून म्हणाली, 'फोनवरच विश्वास ठेवला तुझ्यावर?' तिच्या आवाजात नवल होतं. ती तपासणीला जाताना कॉलेजचं नाव छापलेला शर्ट घालून जाते, नवऱ्याला सूट घालायला लावते. दुखतंय हे सांगायला जाताना ही सजून जाते! मी त्या दिवशी गाऊनमध्ये, तेल थापलेल्या केसांनी गेले होते.

आता पुन्हा त्या तरुण मुलांकडे. ती म्हणतात, कृष्णवर्णीय डॉक्टर वाढवा, प्रश्न सुटेल. २०२०मध्ये फ्लोरिडातल्या जन्मनोंदींचा एक अभ्यास खूप गाजला: कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या हाताखाली कृष्णवर्णीय नवजात बाळं जास्त जगतात. चार वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. अतिशय कमी वजनाची बाळं बहुतेक गोऱ्या डॉक्टरांकडे जातात, हे लक्षात घेतल्यावर तो फरक जवळजवळ विरघळला. विरोधकांनी टाळ्या पिटल्या. मला विचाराल तर या दुरुस्तीनं माझी बाजू बळकट होते. डॉक्टरांच्या कातडीचा रंग ही जादूची कांडी असती तर प्रश्न फारच सोपा होता. गरोदर बाईला आधी एकदा सिझेरियन झालं असेल तर पुढचं बाळंतपण नैसर्गिक होईल का, याचा अंदाज देणारं एक गणितयंत्र अमेरिकेतल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं वापरात होतं. त्यात वय, वजन यांबरोबर वंशाचाही रकाना होता. बाई कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो आहे अशी खूण केली की यशाची टक्केवारी आपोआप घसरायची, आणि सुरी जवळ यायची. तो रकाना २०२१मध्ये काढला गेला. त्या यंत्राच्या मनात द्वेष होता का? ते वापरणारे कृष्णवर्णीय डॉक्टरही तेच उत्तर वाचत होते.

म्हणून मला तराजूची गोष्ट महत्त्वाची वाटते. बाळंतपणात किती रक्त गेलं हे पिढ्यान् पिढ्या नजरेनं ठरवलं गेलं. जास्त रक्त गेलं की नजरेचा अंदाज हमखास कमी पडतो. तराजूचं काम अगदी साधं आहे. भिजलेले पॅड, कापड, सगळं वजनकाट्यावर ठेवायचं, कोरड्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. हजार झाले की धोक्याची घंटा, मग पेशंट कोण, विमा कोणता, नवरा सूटमध्ये आहे की नाही हे कुणी विचारायचं कारण नाही. कॅलिफोर्नियानं २००६पासून रुग्णालयांना एकत्र आणून रक्तस्रावासाठी असेच ठरीव नियम आणि तयार ट्रॉल्या दिल्या. २०१३पर्यंत तिथले मातामृत्यू निम्म्याहून खाली आले. वंशांमधली दरीही या उपक्रमातल्या रुग्णालयांत रक्तस्रावाच्या बाबतीत कमी झाली. बुजली नाही, पण कमी झाली, आणि त्यासाठी कुणाचं मनपरिवर्तन करावं लागलं नाही.

मग इथेच थांबावं का? तराजू द्या, नियम द्या आणि 'न्याय' वगैरे मोठे शब्द सोडा, असं काही समंजस लोक म्हणतात. ही हरकत मला सगळ्यांत जड वाटते, कारण नुकताच मीच तिला दारूगोळा पुरवला. तराजू रक्त मोजतो, पण पेशंट बोलत असताना तो आणायचा की नाही हे माणूसच ठरवतो. आणि त्या माणसाला काय शिकवलं गेलंय? २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना विचारलं, तर त्यातल्या निम्म्यांना कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलची एक तरी खोटी समजूत खरी वाटत होती. त्यांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. ही समजूत कुठून झिरपली ते शोधायला लांब जायला नको. अलाबामातल्या माँटगोमरी गावी १८४५ ते १८४९ या काळात जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरानं बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यात पडलेलं भोक बुजवण्याच्या शस्त्रक्रिया गुलाम स्त्रियांवर करून पाहिल्या. अनार्का, बेट्सी, ल्युसी ही तिघींची नावं त्याच्याच लिखाणातून उरली. अनार्कावर तीसएक वेळा, भूल न देता. इथरनं भूल देता येते हे १८४६मध्येच जाहीरपणे सिद्ध झालं होतं. ज्या बाईला 'नाही' म्हणायची मुभाच नाही, तिच्या गप्प बसण्याला सहनशक्ती म्हणायचं. तीच 'सहनशक्ती' पुढे पाठ्यपुस्तकात जाते.

'नाही' म्हणता न येण्याची दुसरी बाजू विसाव्या शतकात आली. मिसिसिपीतली शेतमजूर, पुढे मतदानहक्काच्या लढ्यातली धडाडीची पुढारी फॅनी लू हेमर १९६१मध्ये गाठ काढायला गेली आणि तिला न विचारता गर्भाशयच काढलं गेलं. हे इतक्या सर्रास चालायचं की तिकडे त्याला 'मिसिसिपीतलं अपेंडिक्स' म्हणत. १९७३मध्ये त्याच माँटगोमरीत सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यानं १४ आणि १२ वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींची नसबंदी केली. निरक्षर आईनं कागदावर फुली मारली होती. तिला वाटलं इंजेक्शन देणार. हे वाचताना मराठी माणसाला आणीबाणी आठवते, पण मला बीड जास्त आठवतं. २०१९मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न गाजला आणि सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांच्या वर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचे चार दिवस खाडा पडला की उचल फिटत नाही. कॅन्सर होईल अशी भीती घातली, बाईनं सही केली. कागदोपत्री संमती पक्की. त्या सहीला 'निवड' म्हणायचं का?

याच प्रश्नातून १९९४ साली शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रजननविषयक न्याय ही कल्पना मांडली. तोवर अमेरिकेतली स्त्री-चळवळ मुख्यतः गर्भपाताच्या निवडीबद्दल बोलत होती. या बायका म्हणाल्या, आम्हाला तर मूल होऊच दिलं गेलं नाही, आमच्यासाठी हक्क तीन आहेत: मूल न होऊ देण्याचा, मूल होऊ देण्याचा, आणि झालेलं मूल सुरक्षित परिसरात वाढवण्याचा. सक्तीची नसबंदी आणि सक्तीचं बाळंतपण या दोन टोकांना एकाच सूत्रात ओवणारी मांडणी त्याआधी मला तरी दिसत नाही. जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि आमच्या जॉर्जियात सहा आठवड्यांनंतर जवळपास बंदी आली. त्याच ऑगस्टमध्ये अठ्ठावीस वर्षांची एक कृष्णवर्णीय आई गर्भपातानंतरच्या संसर्गानं गेली. गर्भाशय साफ करण्याची नेहमीची प्रक्रिया सुरू व्हायला वीस तास लागले. कायद्याचे समर्थक म्हणतात, आईच्या जिवासाठी कायद्यात अपवाद होता, चूक डॉक्टरांची. असेलही. पण ज्या अपवादाचा अर्थ चुकला तर डॉक्टरला दहा वर्षं तुरुंग, तो अपवाद पहाटे कुणाच्या उपयोगी पडायचा? हा मृत्यू टाळता आला असता, असं मातामृत्यू तपासणाऱ्या राज्याच्याच समितीनं ठरवलं. ते बातम्यांत फुटलं, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये गोपनीयता मोडली या कारणानं राज्यानं सगळी समितीच बरखास्त केली. तराजू मोडायचाही एक मार्ग असतो तो असा.

माझी आई सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नव्हती. तेव्हा मी वैतागायची. आता आकडे वाचल्यावर वाटतं, तिच्या हट्टात शहाणपण होतं. अमेरिकेत गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त बाळंतपणानंतर आठवडा उलटल्यावर, वर्षभरात होतात, आणि पुनरावलोकन समित्यांच्या मते पाचातले चार टाळता येण्याजोगे असतात. नेमक्या याच काळात इथे आधार सुटायचा. कृष्णवर्णीय बाळंतपणांपैकी साठ टक्क्यांहून जास्त मेडिकेड या सरकारी विम्यावर होतात, आणि तो विमा बऱ्याच जणींचा साठ दिवसांनी संपायचा. २०२१नंतर बहुतेक राज्यांनी तो वर्षभर वाढवला. चळवळीच्या पदरात पडलेलं हे सगळ्यांत ठोस माप. पगारी रजेचा मात्र देशव्यापी कायदा आजही नाही. १९९३च्या कायद्यानं बारा आठवडे मिळतात ते बिनपगारी, तेही मोठ्या कंपनीत. मुंबई इलाख्यात कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा १९२९ साली झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्याच्या बाजूनं बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलावा. १४ एप्रिललाही आमच्या ग्रुपवर फोटो आला होता, बरं का. त्याच सप्ताहात.

विमा मिळाला म्हणून सगळं मिटतं असंही नाही. ब्रिटनमध्ये दवाखाना फुकट आहे आणि कृष्णवर्णीय आयांच्या मृत्यूचं प्रमाण तिथेही गोऱ्यांच्या दुपटीवर असतं. म्हणून हाकेच्या अंतरावर असणाऱ्या माणसाचा, म्हणजे सुईणींचा मुद्दा मला पुन्हा पुन्हा आठवतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सुईणींनी जवळ डॉक्टर फिरकत नव्हते त्या काळात गोऱ्यांची आणि काळ्यांची बाळंतपणं केली. अलाबामातल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी तीन हजारांच्या वर बाळं जगात आणली. १९७६मध्ये राज्यानं कायदा करून त्या सुईणींचं कामच बंद केलं. बदल्यात रुग्णालय मिळालं असतं तर तक्रार नव्हती. आज देशातल्या निम्म्याहून जास्त ग्रामीण रुग्णालयांत बाळंतपणाची सोयच नाही. सुईण गेली, डॉक्टर आला नाही, आणि मधल्या पन्नास मैलांत कळा सोसणाऱ्या बाईला ग्रुपवरचे काका विचारताहेत, तू खातेस काय?

माझ्या धाकट्याच्या वेळचं रक्तदाबाचं यंत्र मी टाकून दिलं नव्हतं. सध्या ते त्या मैत्रिणीकडे आहे, तिला सातवा लागलाय. काल रात्री साडेदहाला तिनं फोटो पाठवला, १४२/९१. मी लिहिलं, पाच मिनिटं शांत बस, हात टेबलावर ठेव, पुन्हा घे. दुसरा फोटो आला, १४४/९२. ती फोन हातात घेऊन विचारात पडली होती, आत्ता लावू की सकाळी, उगाच घाबरट म्हणतील. मी म्हटलं, आत्ता. आणि आकडा आधी सांग, नाव नंतर.